ब्रिटनमध्ये कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक स्वराज्य संस्था, निर्वासित कुटुंबांना कशी वसवते? गोव्यात पंचायत असं करू शकते का?

2015 मध्ये ब्रिटनने सीरियाच्या युद्धातून पळालेले 20,000 लोक 2020 पर्यंत घ्यायचं ठरवलं. वसवण्याचं काम आपणहून पुढे आलेल्या कौन्सिलांनी केलं, पैसा सरकारचा. विमानतळावर घ्यायला माणूस, सामानासकट भाड्याचं घर, डॉक्टरकडे नोंदणी, मुलांना शाळा, मोठ्यांना इंग्रजीचे वर्ग. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कुटुंबाला नेमून दिलेला कार्यकर्ता. परक्या गावात कुठला कागद कुठे न्यायचा, हे सांगणारं कुणीतरी लागतंच.

गोव्यात पंचायतीकडे अशी योजना नाही. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही. पण 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी आहे. वाड्यावर असं कुटुंब आलं, तर पंचाने मुलांना सरकारी शाळेत स्वतः घेऊन जावं.