वाचकांचे प्रश्न : फवारणी ड्रोनची सुरक्षा पुस्तिका

प्रश्न : आमच्या शेतकरी गटाने 10 लिटर टाकीचा फवारणी ड्रोन घेतला आहे. दोघांकडे पायलट प्रमाणपत्र आहे. उसाच्या फवारणीचं काम देण्याआधी साखर कारखान्याने सुरक्षा कार्यपुस्तिका मागितली आहे. एक 60 पानी इंग्रजी नमुना मिळालाय. नाव बदलून तोच द्यावा का?
– एक वाचक, पलूस (जि. सांगली)

उत्तर : देऊ नका. त्या नमुन्यात तुमचं शिवार नाही, तुमच्या विजेच्या तारा नाहीत, औषध कालवणारा माणूस नाही. 15 पानं पुरतात, पण प्रत्येक ओळीत काम कोणाचं, मर्यादा किती आणि ती ओलांडली तर काय करायचं, हे असलं पाहिजे. ‘वारा जास्त असल्यास उड्डाण टाळावे’ या वाक्यावर बांधावर नुसता वाद होतो.

कागदपत्रांना एक पान द्या : ड्रोनचा नोंदणी क्रमांक, पायलट प्रमाणपत्रं, त्रयस्थ पक्ष विमा. ड्रोन नियम 2021 प्रमाणे उड्डाणाआधी हवाई क्षेत्राचा नकाशा बघणं बंधनकारक आहे. तो त्या-त्या दिवशी बघायचा, कारण झोन, म्हणजे उड्डाणाला मुभा किंवा बंदी असलेले भाग, बदलू शकतात. कोल्हापूरच्या बाजूचं काम घेतलंत, तर उजळाईवाडी विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उचलता येत नाही, मग तो उसावर दोनच मीटर उडणार असला तरी.

सगळ्यात जास्त पानं तारांना द्या. फवारणीचा ड्रोन शेंड्यापासून 2 ते 3 मीटरवर चालतो. रिमोटशी संपर्क तुटला की ‘रिटर्न टू होम’, म्हणजे ड्रोनने आपोआप निघाल्या जागी परतण्याची सोय, चालू होते, आणि ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीपर्यंत सरळ वर चढतो. त्या क्षणी तो 11 केव्हीच्या लाइनखाली असेल, तर थेट तारेत जातो. बारीक तार ड्रोनवरच्या रडारलाही हमखास दिसत नाही. म्हणून लाइनच्या दोन्ही बाजूंना 15 मीटरचा पट्टा नकाशावरच वगळा आणि तिथे हातपंपाने फवारा. बाकी रानात परतीची उंची सर्वांत उंच झाड किंवा खांबापेक्षा 10 मीटर जास्त ठेवा. पट्ट्यालगतच्या ओळींसाठी, ॲपमध्ये सोय असेल तर, संपर्क तुटल्यावर ‘जागीच थांब’ हा पर्याय निवडा.

पाहणी बांधावरून चालत करायची आणि रानमालकाला सोबत घ्यायचं. ऊस वाढला की खांबाचे ताण (त्याला आधार देणाऱ्या तिरप्या तारा) आणि विहिरीच्या मोटारीला ओढलेली वायर पाल्यात दिसेनाशी होते. ती कुठून गेली, हे त्यालाच ठाऊक असतं. उभ्या उसापलीकडे पायलटला ड्रोन दिसत नाही, म्हणून दुसऱ्या टोकाला वॉकीटॉकी घेऊन मदतनीस हवाच. ‘थांब’ हा शब्द कोणीही उच्चारला, तरी पायलटने कारण न विचारता ड्रोन जागीच रोखायचा.

औषध कालवण्याचं प्रकरण नमुन्यांत दोन ओळींत उरकलेलं असतं. पाठीवरच्या पंपाने एकराला 150 ते 200 लिटर पाणी लागतं, ड्रोनला साधारण 10. औषधाची एकरी मात्रा तेवढीच, म्हणजे द्रावण 15 ते 20 पट तीव्र. पायलट लांब उभा असतो, धोका कालवणाऱ्याला आहे. त्याला नायट्राइल हातमोजे, चष्मा, रसायनांसाठीचा मास्क आणि ॲप्रन द्या. रुमाल चालणार नाही. बादलीत अर्धं पाणी, मग औषध, नीट ढवळून उरलेलं पाणी, शेवटी जाळीतून गाळून टाकीत. पावडर न गाळता ओतली की नोझल तुंबतं आणि ते साफ करायला कोणीतरी हात घालतो. नोझलला हात लावण्याआधी बॅटरी काढलेली असलीच पाहिजे.

बॅटरीचे आकडे थेट लिहा : पूर्ण चार्ज 4.2 व्होल्ट प्रति सेल, 3.7 ला ड्रोन खाली उतरवायचा, साठवताना 3.8 ते 3.85. उतरलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही. फुगलेली बॅटरी त्याच दिवशी बाद. चार्जिंग सावलीत, औषध आणि पेट्रोलपासून लांब. शेजारी वाळूच्या बादल्या.

प्रश्न : वाऱ्याचा अंदाज पाला बघून घेतला तर चालेल ना? आमच्या उसाला लागून द्राक्षबागा आहेत.
– एक वाचक, तासगाव

उत्तर : नाही. हातात धरायचा वारामापक घ्या. 3 मीटर प्रति सेकंदाच्या वर फवारणी बंद, आणि प्रत्येक टाकी भरताना नवं मोजमाप. पहाटेची अगदी निवांत हवाही फसवी असते. जमिनीलगत गार थर साचलेला असताना बारीक थेंब खाली बसत नाहीत, तरंगत शेजारी जातात. चुलीचा धूर वर न जाता आडवा पसरत असेल, तर ऊन वर येईपर्यंत थांबा.

2,4-डी या तणनाशकाला द्राक्षवेल फार संवेदनशील आहे. थोड्याशा फवाऱ्यानेही पानं पंख्यासारखी आक्रसतात. बागेशेजारच्या उसात हे तणनाशक ड्रोनने फवारायचंच नाही, असं पुस्तिकेत लिहा आणि कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याची त्यावर सही घ्या. तणनाशकाला टाकी, नळ्या आणि नोझल वेगळेच ठेवा.

प्रश्न : ड्रोन पडला, पण कोणाला इजा नाही. तरी कळवायचं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नियमांतल्या व्याख्येप्रमाणे तो अपघात ठरत असेल, तर पायलटने 48 तासांच्या आत डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) ऑनलाइन कळवायचं असतं. ती व्याख्या पुस्तिकेत जशीच्या तशी उतरवून ठेवा. इजा नसली तरी उड्डाणाची नोंद, बॅटरीचा क्रमांक आणि पडल्या जागेचे फोटो घेतल्याशिवाय ड्रोन हलवू नका. टाकीतलं औषध सांडलं असेल, तर आधी माणसं आणि जनावरं लांब न्या, सांडलेल्यावर माती टाका, आणि ते पाणी पाटात जाऊ देऊ नका.