साठ हजारांचा कोर्स की डिस्टिलरीतली शिफ्ट?

निपाणी भागातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला. जवळच्या साखर कारखान्याच्या इथेनॉल डिस्टिलरीत वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळतेय, पण स्टायपेंड बेताचा. दुसरीकडे एक एजंट मागे लागलाय: साठ हजार भरा, पाच दिवसांत ‘एफएलपी इंजिनिअर’चं सर्टिफिकेट आणि मग आखातात नोकरी. ‘उसाचं बिल आलं की भरू का?’ असं ते विचारतात.

दादा, भरू नका. निदान आत्ता तरी नको.

हा एजंट एका शब्दाआड दोन वेगळ्या गोष्टी विकतोय. एफएलपी, म्हणजे फ्लेमप्रूफ, हे पेटणारी वाफ असते तिथे वापरायचं विजेचं सामान: मोटर असते, स्टार्टर असतो, दिव्याची फिटिंग असते. त्या वस्तूचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो; धनबादची सिम्फर ही खाण आणि इंधन संशोधनाची सरकारी संस्था त्यातली जुनी. पेट्रोलियमच्या आवारात ती वस्तू वापरायची तर पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, मंजुरी लागते. पेसोचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरात आहे. ही सगळी कागदपत्रं वस्तूची. माणसाच्या कौशल्याची परीक्षा निराळी. तिथे कॉम्पेक्स किंवा आयईसीईएक्स या आंतरराष्ट्रीय योजनांची सर्टिफिकेटं खरोखर चालतात, पण ती पाच वर्षांनी नवी करावी लागतात, परीक्षेत प्रत्यक्ष ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथे ती घट्ट धरणारा भाग) बसवून दाखवावी लागते, चुका शोधाव्या लागतात. ज्यानं कधी ग्लँड हातात धरली नाही, तो पाच दिवसांत काय शिकणार? एजंटला एवढंच विचारा, सर्टिफिकेटवर नाव कुणाचं येणार? तो गडबडेल बघा.

आता डिस्टिलरीबद्दल. तुम्ही तिला ‘तात्पुरती सोय’ म्हटलंय, मला तीच खरी शाळा वाटते. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो, सुमारे १३ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याकडच्या थंडीतल्या दुपारीसुद्धा ते पेटण्याइतकी वाफ सोडतं. म्हणून आवाराचे भाग पाडतात. टाकीच्या आत वाफ कायमच असते, तो झोन ०. व्हेंटच्या, म्हणजे टाकीतली वाफ सोडणाऱ्या नळीच्या, तोंडाशी चालू कामातच अधूनमधून वाफ येते, तो झोन १. काही बिघडलं तरच, आणि तेही थोडा वेळ वाफ येते, तो झोन २. पलीकडे गोदामात साखरेची धूळ. तिचे झोन वेगळे, २०, २१, २२. साखर कसली पेटतेय असं वाटेल, पण २००८ साली अमेरिकेत जॉर्जियातल्या एका साखर शुद्धीकरण कारखान्यात याच धुळीचा स्फोट होऊन १४ माणसं गेली. वाफ आणि धूळ दोन्ही एकाच कुंपणात बघायला मिळणं ही शिकणाऱ्याला मोठी गोष्ट आहे.

एफएलपी सामानाचं बाहेरचं आवरण, म्हणजे पेटी, हवाबंद असते असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. वाफ आत शिरणार हे गृहीतच धरलेलं असतं. आत ठिणगी पडून भडका उडाला तर पेटी फुटता कामा नये, आणि झाकणाच्या जोडावरच्या बारीक फटीतून बाहेर पडणारा तापलेला वायू धातूला घासत इतका निवला पाहिजे, की बाहेरची वाफ पेटणार नाही. ही फट मिलिमीटरच्या अंशात मोजतात. म्हणून एक बोल्ट कमी असला, जोडाच्या पृष्ठभागावर ओरखडा पडला किंवा कुणी रंगाचा हात फिरवला, की पेटी साधी होते. नेमप्लेट मात्र तशीच चकचकीत राहते.

मी आधी काही वर्षं मेंटेनन्सला होतो. एका कारखान्यात (नाव नको) एफएलपी जंक्शन बॉक्सचं झाकण आठापैकी तीन बोल्टांवर होतं. फिटरला विचारलं तर म्हणाला, ‘साहेब, दर वेळी आठ काढायचे, आठ लावायचे, कोण करतंय?’ फाइलमधलं सर्टिफिकेट चोख होतं. हे बघणारी नजर कोर्समध्ये मिळत नाही, शिफ्टला मिळते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ज्यांनी कास्टिंग आणि मशीनिंग केलंय त्यांना तर हे पटकन कळतं, कारण या पेट्याही ओतूनच, मग मशीनवर घेऊन करतात.

मराठी माध्यमाची काळजी सोडा. नेमप्लेटवर निबंध नसतो. ‘एक्स डीबी आयआयबी टी४ जीबी’ एवढंच असतं. एक्स म्हणजे स्फोटक वातावरणासाठी, डीबी म्हणजे फ्लेमप्रूफ, आयआयबी हा वायूंचा गट, टी४ म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर जाणार नाही, जीबी म्हणजे झोन १ ला चालेल. महिनाभरात तोंडपाठ होईल. कन्नड मात्र पक्कं करायला सांगा. तिथले जुने ऑपरेटर कन्नडमधूनच बोलतात, आणि हॉट वर्क परमिटच्या, म्हणजे वेल्डिंगसारख्या ठिणगीच्या कामाच्या लेखी परवानगीच्या, वेळी ‘समजलं’ म्हणून नुसती मान डोलावणं जिवावर बेतेल.

पुढे बी.ई. करायची झाली तर कर्नाटकात डीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा देऊन थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. महाराष्ट्रातल्या प्रवेशांत ८६५ सीमागावांतल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे; अटी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून बघा, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नको. आखाताचं म्हणाल तर दोन-तीन वर्षं काम झाल्यावर कॉम्पेक्ससारखा खरा कोर्स जरूर करावा. तेव्हा कोर्सचे पैसे कंपनीनेच भरले तर उत्तमच.

अप्रेंटिसशिप नॅट्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नोंदवलेली आहे का, तेवढं आधी बघा. नोंद नसेल तर वर्ष भरल्यावर सरकारी प्रमाणपत्र मिळणार नाही.

आणि मुलाला माझ्याकडून एक काम द्या. पहिल्या आठवड्यात दिसेल त्या एका मोटरच्या नेमप्लेटवरचं सगळं वहीत उतरवून मला पाठवायचं. फोटो काढायचा नाही. त्या आवारात मोबाईल नेता येत नाही, आणि का नेता येत नाही हेही त्यानं पत्रात लिहावं.