खडी की पेव्हर ते नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

संगमेश्वर तालुक्यातल्या एका काकांचा प्रश्न आहे. गेटपासून घरापर्यंत १५० फूट लांब, १२ फूट रुंद गाडीची वाट करायचीय, खडीचं कोटेशन ८० हजार, पेव्हर ब्लॉकचं २ लाख १० हजार, तर पेव्हरसाठी २ लाखांचं पर्सनल लोन घेऊ का, १४ टक्के, ५ वर्षं. काका ५८ वर्षांचे, दोन महिन्यांपूर्वी एसटीतून रिटायर झाले, तेव्हा १८ लाख मिळाले, पेन्शन महिना ४,१००.

काका, खात्यात १८ लाख असताना लोन कशाला हेच मला कळेना. मग पत्राच्या शेवटी सापडलं. बँकेतल्या मॅडमनी एफडीपेक्षा भारी, गॅरंटीड असं सांगून विमा पॉलिसी दिली, वर्षाला ३ लाख, १० वर्षं, पहिला हप्ता भरलात आणि बाकीचे १५ लाख पुढच्या हप्त्यांसाठी सेव्हिंगमध्ये राखून ठेवलेत.

अहो, दहा हप्त्यांचे ३० लाख होतात. तुमच्याकडे होते १८, म्हणजे सहा हप्त्यांत खातं रिकामं, सातवा कुठून भरणार? पाच वर्षांनी बंद करता येते म्हणाल्या, पण बंद केल्यावर भरलेलं सगळं परत मिळेलच असं नाही हे सांगितलं का त्यांनी? आणि शेवटपर्यंत भरलीत तरी अशा पॉलिसीत वर्षाला ५-६ टक्क्यांच्या आसपासच सुटतात. मुलं कमावती आहेत, तुमच्यामागे काकूंना लागेल तो पैसा, आणि तोच तुम्ही दहा वर्षं कोंडून ठेवताय. रिटायर माणसाला असली पॉलिसी विकतात याचा मला मनापासून राग येतो.

आता नीट वाचा. पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, फ्री लूक म्हणतात त्याला. तुम्हाला कागद येऊन १८ दिवस झालेत, १२ उरले. उद्याच विमा कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या, तारखेच्या शिक्क्याची पोच घ्या, ईमेलही टाका. तेवढ्या दिवसांचं विमा कव्हर, मेडिकल, स्टॅम्प ड्युटी एवढंच कापून बाकी पैसे परत येतात. मॅडम थांबा म्हणतील, थांबू नका. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा, तिथेही नाही झालं तर विमा लोकपाल, फी लागत नाही.

मग १५ लाख पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाका. वयाच्या ५५ ते ६० मध्ये रिटायर झालेल्यांना पैसे मिळाल्यापासून ३ महिन्यांतच ती उघडता येते, तुमचा एकच महिना राहिलाय. सध्या ८.२ टक्के, म्हणजे तिमाहीला ३०,७५०, महिन्याला दहा हजारांच्या वर. पेन्शन धरून चौदा हजार झाले. आणि त्या लोनचा हप्ता किती माहितीये? ४,६५०, तुमच्या पेन्शनपेक्षा जास्त.

आता वाट. खडीच करा, परत येणाऱ्या ३ लाखांतून, रोखीने. पेव्हरने घराची किंमत ५ लाखांनी वाढेल असं लिहिलंत, पण घर विकायचंच नाही तर ती वाढ कुठे दिसणार? शिवाय आपल्याकडच्या पावसात पेव्हरवर शेवाळ धरतं आणि घरातली म्हातारी माणसं घसरतात.

गेटजवळ चढ आहे म्हणालात, तिथे खडी टिकत नाही, पहिल्याच पावसात खाली येते, म्हणून तेवढे २० फूट काँक्रीट करून घ्या, सगळा खर्च लाखाच्या आसपास जाईल. बाकी वाटेत खाली ४ इंच मुरूम आणि मोठी खडी रोलरने दाबून, वर २ इंच २० एमएमची फोडलेली खडी, नदीचे गोल गोटे नकोत, ते चाकाखालून सरकतात. दाबल्यावर बसते म्हणून ८ ब्रासचा (ब्रास म्हणजे १०० घनफूट) हिशोब असला तरी १० धरा. मध्ये जरा उंच, दोन्ही कडांना जांभ्याचे चिरे आणि बाजूने गटार, एवढं केलंत की खडी बरीचशी जागेवर राहते. काम पाऊस संपल्यावरच काढा. दर दिवाळीच्या आधी रान उपटून, चाकोऱ्या दाताळ्याने सारख्या करून ब्रासभर खडी टाकायची, त्याचे वर्षाला पाच-सहा हजार बाजूला ठेवा.

अर्ज दिलात की पोचेचा फोटो मला पाठवा.