घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायला विकतचं कल्चर घालावंच लागतं का?

नाही लागत. तुम्ही लिहिलंय की बेळगावात टिळकवाडीत फ्लॅटच्या बाल्कनीत खताची बादली ठेवलीय, पाऊस लागल्यापासून वास मारतोय, तर कुठलं जीवाणू कल्चर, म्हणजे कचरा कुजवणारे जीव वाढवून विकतात ते, घ्यावं, पावडर की बाटली, आणि किती घालावं. माझं म्हणणं, आधी लाकडाच्या वखारीत जा आणि पोतंभर भुसा आणा. तुमच्या बादलीत जीवाणू भरपूर आहेत, हवा नाही. भाजीच्या देठांवर, सालींवर, मातीत कुजवणारे जीव असतातच. चिमूटभर चांगल्या मातीत ते कोट्यवधी असतात. पाणी साचलं की त्यातले हवेशिवाय जगणारे माजतात आणि वास त्यांचा येतो. त्यावर आणखी बाटली ओतून काय होणार?

एवढं ठासून सांगते, कारण आमच्या घरात यावरून चांगलंच वाजलंय. आम्ही वडगावात, जुन्या घरात. मागच्या परड्यात खानापूरच्या कुंभाराकडून आणलेल्या मातीच्या मोठ्या कुंड्या आहेत, तळाला आणि बाजूंना भोकं पाडून घेतलेल्या. त्यात मी खत करते. माझं माहेर नंदगडच्या बाजूचं. आमचे थोरले भाऊजी शिकलेले, वाचन दांडगं, घरात त्यांच्या शब्दाला मान.

एका गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं. मी चुलीपुढून हलत नव्हते. कुणीतरी उरलेली आमटी कुंडीत ओतली, झाकण तसंच उघडं राहिलं, आणि बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, एकदा धरला की सोडत नाही. शेजारच्या काकू नाकाला पदर लावून आल्या. भाऊजी त्याच संध्याकाळी दुकानातून कल्चरची महागडी बाटली घेऊन आले, गुळाच्या पाण्यात कालवली आणि ओतायला लागले. मी म्हटलं, "दमानं की हो भाऊजी, आत आधीच पाणी झालंय." त्यावर ते सगळ्यांदेखत म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं? हे सायन्स आहे. तुमच्या नंदगडचा उकिरडा नव्हे."

वास वाढला. वाढणारच होता, ओल्यात ओलं गेलं होतं. शेवटी मी कुंडी घमेल्यांत उपसली, पाणी निथळवलं, वखारीतला भुसा आणि पोत्यातला वाळका पाला मिसळला, दुसऱ्या कुंडीच्या तळातलं जुनं खत पाटीभर घातलं आणि खालीवर करून परत भरली. थोड्याच दिवसांत वास गेला, हात घातला तर ऊब लागायला लागली. आणि भाऊजी पाहुण्यांना कुंडी दाखवून सांगत होते, "बघा, कल्चरनं काम केलं."

पुढच्या पावसाळ्यात मी मुद्दाम तीन कुंड्या लावल्या. तिन्हींत कचरा एकाच स्वयंपाकघरातला. पहिलीत भाऊजींचं कल्चर, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे, आणि भुसा. दुसरीत जुनं खत आणि तेवढाच भुसा. तिसरीत नुसतं कल्चर. पहिली थोडी लवकर तापली, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण खत दोन्हींचं एकाच सुमाराला तयार झालं, दोन्हीला मातीचा वास, आणि शेवग्याला कुठलं घातलं आणि अबोलीला कुठलं, हे झाडांकडे बघून कुणाला सांगता आलं नाही. तिसरी घाण मारत राहिली. भाऊजी म्हणाले, ती बाटली जुनी असेल. बाटली एकच होती.

माझी आई चौथी शिकलेली. उन्हाळ्यात खड्डा उपसला की तळाचं पाटीभर खत ती आतच ठेवायची, विरजण म्हणायची त्याला. मग शेण, गोठ्यातलं गवत, पालापाचोळा, असे थर. कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण २५ ते ३० ला १ असावं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. भाजीपाला साधारण १५ ते २० ला १ असतो, वाळका पाला त्याच्या कितीतरी वर आणि भुसा तर शेकड्यांत. ते एकत्र केलं की मेळ बसतो. ती तेच करत होती. त्या उकिरड्याला अडाणी म्हणणाऱ्यानं आधी त्या खतावर आलेलं भात बघायला हवं होतं.

आता कल्चरच्या बाजूनंही सांगते. नवीन सुरुवात आहे, जुनं खत कुणाकडून मिळत नाही, शेणही नाही, तर कल्चरनं लवकर सुरू होतं. पण महागडं कशाला? गाझियाबादच्या सरकारी सेंद्रिय शेती केंद्राचं वेस्ट डीकंपोजर २० रुपयांच्या बाटलीत निघालं. २०० लिटर पाणी आणि २ किलो गुळात ती वाढवायची. हे माप शेतकऱ्याचं आहे, बाल्कनीला तांब्याभर पुरतं. अथणी-चिक्कोडीकडं उसाचं पाचट कुजवतात तिथं बुरशीच्या कल्चरचा खरा उपयोग होतो, कारण पाचट चिवट असतं आणि त्यात नायट्रोजन कमी, म्हणून युरियाही घालतात. बोकाशी करणार असाल तर मात्र कल्चर लावलेला कोंडा लागतोच. ती जपानमधल्या ओकिनावाच्या तेरुओ हिगांनी १९८० च्या दशकात पुढं आणलेल्या जीवाणूंवर चालणारी पद्धत, घट्ट झाकणाच्या डब्यात आंबवायची, आणि नंतर ते मातीत पुरावंच लागतं. भाऊजींची बाटली त्याच जातीची होती. बंद डब्याचं औषध त्यांनी उघड्या कुंडीला लावलं, हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते.

तुमच्या बादलीचं करायचं ते असं. तळाला भोकं नसतील तर पाडा, खाली ताटली ठेवा. दोन वाट्या ओल्याला एक वाटी कोरडं, पावसाळ्यात बरोबरीनं. मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंब यावा, धार नको. दोन-तीन दिवसांनी काठीनं खालीवर करा. प्लायवूडचा भुसा नको, त्यात डिंक-रसायन असतं. भाताचं तूस चालतं, पण ते स्वतः कुजायला फार वेळ घेतं. आणि पुढच्या वर्षी मिरगाच्या आधीच कॅम्पातल्या झाडांखालचा वाळका पाला पोत्यांत भरून ठेवा, जूननंतर कोरडं पान मिळत नाही. कल्चर आणूनच ठेवलं असेल तर पाकिटावर आहे तेवढंच घाला, मुदत बघून, उन्हात न ठेवता, आणि नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मगच त्यात कालवा. भुसा मिसळल्यावर, आधी नको.