१४० व्या पानावर मिटलेलं पुस्तक

प्रिय ताई,

गेल्या सहा महिन्यांत मी नऊ पुस्तकं वाचली. शिक्षण संपल्यापासून इतकं सलग वाचन पहिल्यांदाच झालं. पाच कादंबऱ्या, चार माहितीपर. प्रत्येकाबद्दल वहीत दोन-चार ओळी लिहिल्या, ती पानं सोबत पाठवते आहे. अडचण अशी की ही मतं मला कुणापुढे बोलताच येत नाहीत. जिवलग मैत्रिणीने वाढदिवसाला तिची सर्वांत लाडकी कादंबरी दिली. मी ती १४० व्या पानावर मिटली, पुन्हा उघडली नाही. तिने विचारलं तेव्हा 'खूप आवडली, शेवटी रडले' असं सांगून मोकळी झाले. आता ती त्याच लेखिकेचं दुसरं पुस्तक आणणार आहे. उलट सवयींवरचं एक पुस्तक मला मनापासून आवडलं, चार जणांना वाचायला लावलं. तर मोठा भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, 'असली पुस्तकं वाचणं म्हणजे वाचन नव्हे. आणि त्यातली एकवीस दिवसांत सवय लागते ही गोष्ट साफ चुकीची आहे.' मला मान वर करता येईना. माझ्या मतांना काही अर्थ आहे का, की आधी पुष्कळ वाचावं आणि मग तोंड उघडावं? मैत्रिणीला खरं सांगू का? मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, मला 'तू'च म्हणा.

— मिटलेलं पान

प्रिय मिटलेलं पान,

तुझं पत्र मी नंतर वाचलं, वहीची पानं आधी. बरं झालं. पत्रातली तू सारखी माफी मागत असतेस. वहीतली तू नीट बघतेस. मला आज त्या वहीतल्या बाईशी बोलायचं आहे. पुस्तकांची नावं, एक सोडलं तर, इथे गाळते; लिहिणारे हयात आहेत आणि प्रश्न त्यांचा नाही.

मैत्रिणीच्या कादंबरीबद्दल तू लिहिलं आहेस: 'नायिका आईला पत्र लिहिते आणि फाडते. पहिल्यांदा पोटात कालवलं. दुसऱ्यांदा वाटलं, बरं, पुन्हा. तिसऱ्यांदा, पान १३८, असं वाटलं की त्या पत्रात काय होतं हे लेखिकेलाही माहीत नाही. मग मिटलं.'

या ओळी मी दोनदा वाचल्या. पुस्तकात काय घडतं ते तू सांगितलंस, तुझ्यावर त्याचा परिणाम कसा बदलत गेला ते सांगितलंस, आणि शेवटी असं एक विधान केलंस ज्यावर दुसऱ्याला वाद घालता येईल. कुणी म्हणेल, पत्रातला मजकूर लपवला आहे तो मुद्दामच, कारण त्या मुलीलाच तो स्वतःपाशी उच्चारता येत नाही. मग तू म्हणशील, तसं असेल तर तिसऱ्या वेळी काहीतरी बदलायला हवं होतं. इथे दोन माणसं पुस्तकाबद्दल खरोखर बोलू लागली. मताला अर्थ असतो तो असा. तू आजवर नऊ वाचलीस की नऊशे, याचा त्याच्याशी संबंध थोडा.

आता त्याच वहीतलं दुसऱ्या कादंबरीवरचं तुझं मत बघ: 'संथ. बोअर झालं.' याचं मी काय करू? कुठे संथ? काही घडत नव्हतं म्हणून, की घडत होतं पण कोण कोणाचं हेच कळत नव्हतं म्हणून? वाक्यं लांब होती, की तू रात्री अकरा वाजता दमून वाचत होतीस? ही चारही कारणं खरी असू शकतात आणि चारही वेगळी आहेत. त्या कादंबरीची पन्नास पानं दिवसाउजेडी पुन्हा वाच आणि मग लिही. मत तेच राहिलं तरी चालेल.

पुष्कळ वाचल्याने फायदा होतो, हे मी नाकारणार नाही. तुलनेला काहीतरी हाताशी येतं, आणि जे आपल्याला नवं वाटलं ते कुणी पन्नास वर्षांपूर्वी करून ठेवलंय हे कळतं. पण 'आधी वाचावं, मग बोलावं' यातला 'मग' कधी येतच नाही. रशियन कादंबरीकार टॉलस्टॉयचं बघ. शेक्सपिअर त्याला कधीच रुचला नाही. सगळं जग डोक्यावर घेतं आणि आपल्याला कंटाळा येतो, म्हणजे दोष आपलाच असणार, असं वाटून त्याने ती नाटकं रशियन, इंग्रजी, जर्मन अशा तीन भाषांत पुनःपुन्हा वाचली. वयाच्या पंचाहत्तरीत सगळी परत एकदा वाचून काढली. तरी मत बदललं नाही, तेव्हा त्याने दीर्घ निबंध लिहिला. तो १९०६ साली प्रसिद्ध झाला. इतकं वाचलेल्या माणसालाही 'माझंच चुकत असेल' हे तुझ्यासारखंच वाटत होतं.

आणि गोष्ट इथे संपत नाही. १९४७ साली इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने त्या निबंधाला उत्तर लिहिलं. टॉलस्टॉयने सगळ्या नाटकांमधून चिरफाडीसाठी नेमकं 'किंग लिअर'च का निवडलं, असा त्याचा प्रश्न होता. लिअर राज्य वाटून टाकतो आणि पुढे रानोमाळ भटकतो. टॉलस्टॉयनेही मालमत्तेवर पाणी सोडलं, १९१० मध्ये म्हातारपणी घर सोडलं आणि वाटेत एका लहानशा रेल्वे स्थानकावर त्याचा अंत झाला. ज्या नाटकावर त्याचा सर्वांत जास्त राग होता, ते त्याच्या स्वतःच्या आयुष्याच्या सर्वांत जवळ होतं. या वादात मी ऑर्वेलच्या बाजूने आहे, पण टॉलस्टॉयबद्दल मला आदरच वाटतो. त्याने आपली नावड लपवली नाही, म्हणून तर चाळीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला तिच्यात इतकं काही दिसू शकलं.

म्हणून तुला एक विचारते. उत्तर मला कळवू नकोस, स्वतःपाशी ठेव. आईला लिहिलेली पत्रं फाडण्याचा तुला तिसऱ्यांदा राग आला, तो केवळ लेखिकेच्या हातचलाखीचा होता का? हो असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तरी तुझं मत चूक ठरत नाही, फक्त त्यात तुझा वाटा किती हे तुला कळेल. पंचविशीत मी एका म्हाताऱ्या बापावरची कादंबरी अर्ध्यात सोडली होती. बाप सारखा एकच गोष्ट सांगतो, म्हणून. माझे वडील गेल्यावर तीच कादंबरी एका रात्रीत वाचली आणि ज्या पानांवर पूर्वी चिडले होते त्याच पानांवर थांबून राहिले. पंचविशीतलं मत मी आजही खोडत नाही. तो बाप एकच गोष्ट सांगतोच. तेव्हा माझ्याकडे ऐकायला वेळ नव्हता.

पुस्तक अर्ध्यात सोडायची मुभा प्रत्येक वाचकाला आहे. मात्र १४० पानं वाचून १४० पानांवरच बोलता येतं. शेवटाबद्दल तू बोललीस, तिथे तुझा पाय घसरला. त्याकडे येतेच.

आधी भाऊ. त्याने एका दमात दोन गोष्टी सांगितल्या आणि तू दोन्ही सारख्याच मानून घेतल्यास. 'असली पुस्तकं वाचणं म्हणजे वाचन नव्हे' हे त्याचं म्हणणं मला मुळीच मान्य नाही, आणि चारचौघांत ते बोलणं तर त्याहून नाही. पण एकवीस दिवसांबद्दल तो बरोबर आहे. हा आकडा प्रामुख्याने मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या एका प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या माणसांना आरशातल्या नव्या रूपाची सवय व्हायला कमीत कमी सुमारे एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे एकाने दुसऱ्याचं उतरवून घेताना 'कमीत कमी' गळालं, 'सुमारे' गळालं, आरसाही गळाला. उरला तो नियम. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला. रोजची एक साधी कृती अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा त्यातला मधला आकडा ६६ निघाला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी लागले, निम्म्यांना जास्त. कुणाला १८ पुरले, कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ वर गेला. त्या चार जणांना तू एकवीस दिवस सांगितले असशील तर हे आकडेही कळव. त्यातल्या एखाद्याने बाविसाव्या दिवशी 'मला जमत नाही' म्हणून सोडून दिलं असेल, तर ते त्याला कळणं फार गरजेचं आहे.

माहितीपर पुस्तकाशी हेच एक वेगळं नातं ठेवावं लागतं. जे वाक्य सर्वांत जास्त आवडलं, तेच तपासायचं. न आवडलेलं आपण तपासतोच, आवडलेलं तसंच पुढे देतो. डार्विनने आत्मचरित्रात आपला एक नियम सांगितला आहे: आपल्या सिद्धान्ताच्या विरुद्ध जाणारी गोष्ट वाचनात किंवा विचारात आली की ती तो तत्काळ टिपून ठेवी, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी मनातून लवकर निसटतात हे त्याला अनुभवाने कळलं होतं. तुझ्या वहीत अशा टिपणांसाठी जागा कर. पुस्तकाच्या शेवटच्या टिपांमध्ये जा, तुझ्या लाडक्या वाक्याचा आधार कोणता दिलाय ते बघ. आधार नसेल तर तसं लिही. पंधरा मिनिटांचं काम आहे.

त्या पुस्तकाबद्दल तुझ्याच वहीत खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे, ती भावाला ठाऊक नसावी: 'रोज झोपण्याआधी दहा पानं. यामुळे सुरू झालं.' पुढची आठ पुस्तकं या ओळीनंतर आली आहेत. आकडा चुकलेलं पुस्तक तुला वाचती करून गेलं. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहून ठेव, एकीने दुसरी पुसू नकोस.

एके ठिकाणी मात्र मी तुला अडवणार आहे. 'मृत्युंजय'बद्दल तू लिहितेस: 'कर्णाच्या तोंडून ऐकलं, आता महाभारत कळलं.' महाभारत नाही, कर्णाबद्दलची शिवाजी सावंतांची ओढ कळली, आणि ती काही कमी गोष्ट नाही. ही कादंबरी १९६७ सालची. त्याच वर्षी इरावती कर्वे यांचं 'युगान्त' आलं. त्यातही कर्ण आहे. पण तिथे एक मानवशास्त्रज्ञ बाई महाभारताच्या संशोधित आवृत्तीचा आधार घेऊन एकेका माणसाला उजेडात उभं करतात आणि कुणालाच सूट देत नाहीत. एकाच वर्षी मराठीत एकाच माणसाची दोन अंगांनी केलेली ही दोन वाचनं आली. सावंत कर्णाच्या मनात शिरून त्याला बोलतं करतात. कादंबरीला ते स्वातंत्र्य आहे, तिथे पुरावा मागायचा नसतो. कर्वेबाईंनी असं मनातलं बोलणं लिहिलं असतं तर आपण पुरावा मागितला असता. पुढचं पुस्तक शोधत असशील तर 'युगान्त' घे आणि कर्णाबद्दलची तुझी दोन मतं समोरासमोर ठेव. ती भांडतील. भांडू देत.

वहीबद्दल आणखी थोडं. मोंतेन या फ्रेंच निबंधकाराचं स्मरण इतकं कच्चं होतं की पूर्वी बारकाईने वाचून स्वतःच्या खुणांनी भरलेलं पुस्तक तो नवं समजून हातात घेई. म्हणून त्याने प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी वाचून संपल्याची तारीख आणि लेखकाबद्दल झालेलं मत लिहायला सुरुवात केली. तू तारीख लिहीत नाहीस, ती लिहीत जा. दहा वर्षांनी तुला त्या तारखेची बाई आठवेल आणि तिचं मत तिच्या जागी ठेवता येईल.

आता मैत्रीण. खरं सांग, आणि दुसरं पुस्तक तुझ्या हातात पडण्याआधी सांग. लाडकं पुस्तक कुणाला देणं म्हणजे आपण एकटे जिथे राहून आलो तिथे सोबत मागणं. तू 'रडले' म्हणालीस तेव्हा तिला वाटलं, सोबत मिळाली. प्रत्यक्षात ती तिथे अजून एकटीच आहे आणि तिला ते माहीत नाही. तुझ्या नावडीने ती दुखावेल याहून या गोष्टीची मला जास्त काळजी वाटते.

फोनवर नको, समोर बसून. सुरुवात कादंबरीच्या दोषांपासून करू नकोस, नाहीतर तुझी चूक झाकायला तू पुस्तकाला पुढे करते आहेस असं होईल. साधं बोल: 'मी तुला खोटं सांगितलं. पुस्तक मी १४० व्या पानापर्यंतच वाचलं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, आणि ते चुकलं.' मग गप्प राहा. ती रागावेल कदाचित, तर रागावू दे. समजावायची घाई करू नकोस, आणि 'माझीच वाचनाची समज कमी' असं तर चुकूनही म्हणू नकोस; ते दुसरं खोटं होईल.

तिचा राग निवळला की पुस्तक बाहेर काढ. पान १३८ उघड. तिथे तुझ्या मनात काय आलं ते वहीतल्याच शब्दांत तिला वाचून दाखव, आणि विचार, तिसऱ्यांदा पत्र फाटलं तेव्हा तुला काय दिसलं होतं? त्यानंतर बराच वेळ तिलाच बोलू दे.

तुझी,
ताई