आधी नेमणुकीचा कागद

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र काल दोनदा वाचले. तुमच्या विभागातील अफगाण संशोधक मुलगी दोन महिन्यांत प्रबंध सादर करणार, सादर केला की वसतिगृहाची खोली सोडावी लागणार, व्हिसाची मुदत त्याच सुमारास संपणार, आणि २० डिसेंबर २०२२ पासून काबूलमध्ये मुलींना विद्यापीठाची दारेच बंद असल्याने परत जाऊन शिकवण्याचा प्रश्न उरलेला नाही. अशा वेळी निधी गोळा करावा, निषेधाचे पत्रक काढावे की तिचे एखादे व्याख्यान ठेवावे, असे तू विचारतेस. यांतले काहीही आधी करू नकोस. आधी तिच्या हाती नेमणुकीचा कागद पडेल असे पाहा.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, हे तू जाणतेस. पण त्याचा व्यवहारातला अर्थ तुझ्या पत्रात मला दिसला नाही. येथील कायद्याच्या दृष्टीने ती विस्थापित विदुषी नाही, केवळ परदेशी नागरिक आहे. तिचे येथे राहणे व्हिसावर अवलंबून, आणि संशोधकाचा व्हिसा संस्थेच्या पत्रावर अवलंबून. ज्या पत्रात कामाचे स्वरूप, मानधनाचा आकडा आणि दोन तारखा आहेत, त्या पत्राने परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात काम होते, बँकेत होते, भाड्याची खोली देणाऱ्या घरमालकाकडेही होते. सहानुभूतीचा ठराव यांपैकी कुठेही चालत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती पडले आणि चार दिवसांनी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मेल आली. तो तिकडे अर्थशास्त्र शिकवत होता. मेलसोबत त्याच्या पदवीपत्राचा फोटो होता: गालिच्यावर कागद पसरलेला, वर वळू पाहणाऱ्या कोपऱ्यावर चहाचा पेला ठेवलेला. त्याने फक्त एक निमंत्रणपत्र मागितले होते. मी तो अर्ज रीतसर समितीकडे पाठवला. समितीने साक्षांकित प्रत मागितली. जिथल्या कचेऱ्या बंद पडल्या होत्या तिथून साक्षांकित प्रत. दरम्यान, २५ ऑगस्टला आपल्या सरकारने अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले, तेव्हा तर त्या पत्राची गरज दुप्पट झाली होती. सही व्हायला पाच आठवडे लागले. पत्र पाठवले, उत्तर आले नाही. पुढे कळले की तो इराणमध्ये एका बांधकामावर हिशेब लिहितो.

माझ्या निवृत्तीला तेव्हा आठ महिने उरले होते, विभागप्रमुख दुसरे कोणी होते, नियम मी केलेले नव्हते. हे सगळे खरे आहे. पण त्याला दहा वर्षांपूर्वी मीच शिकवले होते. त्याचे ज्ञान तपासायला मला साक्षांकित प्रतीची गरज नव्हती, आणि ते मी दुसऱ्याच दिवशी कुलगुरूंसमोर उभे राहून सांगायला हवे होते.

कागदाने काय होते, याची दोन उदाहरणे आपल्याच देशातली आहेत. नाझींमुळे जर्मनीतील ग्यॉटिंगेनचे अध्यापनपद गमावलेले भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न १९३५ मध्ये रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. रामन यांना त्यांच्यासाठी कायमची जागा हवी होती, पण स्वतःच्या देशातून हाकलला गेलेला हा दुय्यम दर्जाचा परका आपल्याला नको, असे संस्थेच्या बैठकीत एक प्राध्यापक बोलले. बॉर्न १९३६ मध्ये एडिंबरोला गेले; १९५४ चे नोबेल त्यांना मिळाले. त्याच सुमारास जर्मनीतल्याच लाइपझिग विद्यापीठातून काढलेल्या गणितज्ञ फ्रीडरिश लेव्ही यांना कलकत्ता विद्यापीठाने काय दिले? शाल नाही, श्रीफळ नाही, तर गणित विभागाचे प्रमुखपद. ते तिथे १९४८ पर्यंत राहिले आणि मग मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. कलकत्त्यात गणितज्ञ राजचंद्र बोस यांना आधुनिक बीजगणिताची वाट त्यांच्या सहवासात सापडली. पुढे बोस, नागपुरात शिकलेले आपले शरदचंद्र श्रीखंडे आणि पार्कर यांनी १९५९ मध्ये थोर गणितज्ञ ऑयलरचे लॅटिन चौरसांविषयीचे पावणेदोनशे वर्षांचे अनुमान खोटे ठरवले. लेव्हींना नुसता आसरा मिळाला असता, तर ते कुणाला काय शिकवू शकले असते? म्हणून म्हणतो, वर्ग द्या, विद्यार्थी द्या, दारावर नाव द्या, आणि हे सारे लिहून द्या.

एक सावधगिरी मात्र हवी. दारावरच्या पाटीवर तिचे नाव असू दे, पण तिला विचारल्याशिवाय तिचा फोटो विभागाच्या पानावर टाकू नकोस. तिचे आईवडील अजून काबूलमध्ये आहेत आणि आपल्या कौतुकाची किंमत त्यांना मोजावी लागू शकते. व्याख्यानाच्या कल्पनेवर मी रागावलो तो यासाठीही.

जुनी प्रमाणपत्रे मागितली गेली, तर विभागातील दोन प्राध्यापकांनी तोंडी परीक्षा घेऊन सहीनिशी अहवाल द्यावा, असा प्रस्ताव तूच मांड. वसतिगृहाची मुदत वाढवून घेण्याचा अर्ज आजच दे. प्रबंध सादर झाल्यावर देऊ नकोस. तुमच्या विभागात संशोधन प्रकल्प चालू असेलच. त्यात सहायकाची जागा, मानधन कमी असले तरी, एक वर्षाची निघते का ते पाहा. एक वर्ष म्हणजे व्हिसाचे एक वर्ष.

तू लिहितेस की तू अजून प्रोबेशनवर आहेस आणि तुझ्या शब्दाला वजन नाही. हे वाचून मला वाईट वाटले आणि चीडही आली. मसुदा लिहायला वजन लागत नाही. विभागप्रमुख स्वतः होऊन असे पत्र लिहीत नाहीत, त्यांना वेळ नसतो. समोर तयार कागद आला की ते वाचतात, एखादा शब्द बदलतात आणि बहुधा सही करतात. मी २०२१ मध्ये अर्ज पाठवला होता, मसुदा नेला नव्हता. या फरकाचा मी चार वर्षे विचार करतो आहे.

मसुदा आज रात्री लिही आणि मला पाठव. तारखा रिकाम्या ठेवू नकोस, मानधनाचा आकडाही रिकामा ठेवू नकोस. मी पहाटे उठतो, साडेसातपर्यंत दुरुस्त्या करून परत पाठवीन. दहाला कचेरी उघडते तेव्हा तू तो कागद हातात घेऊन तिथे असावेस.

तुझा,
सर