पाळक समजावून सांगतात, मग बायबल स्वतः कशाला वाचायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की दर रविवारी चर्चला जाता, पाळकसाहेब उपदेश छान करतात, ते सेमिनरीत शिकलेत आणि आपण नाही, मग आपण घरी बायबल उघडून वेगळं काय मिळवणार, उलट भलताच अर्थ काढून बसलो तर? रास्त शंका आहे. मी पण काही पाळक नाही, मंडळीत बाकावर बसून ऐकणारा माणूस. पण माझं मत सरळ सांगतो, नुसतं ऐकून आपल्या हातात वचनं येतात, अख्खं बायबल येत नाही, आणि एकटं काढलेलं वचन कुठेही चिकटवता येतं.

यिर्मया २९:११ घ्या, म्हणजे जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २९ वा अध्याय, ११ वं वचन. हे तुमच्याही घरात कुठेतरी असणारच, कॅलेंडरवर, फ्रिजच्या मॅग्नेटवर, नाहीतर दहावीच्या पोराला आत्याने पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये. तुमच्याविषयी देवाचे संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत. वाचून बरं वाटतं आणि आपण लगेच धरून चालतो की नोकरी लागणार, व्हिसा होणार, लग्न जमणार. आता जरा २८ व्या अध्यायापासून वाचायला लागा. बाबेलचा राजा यरुशलेमेतून लोकांना पकडून घेऊन गेलाय, मंदिरातली भांडी पण नेलीत, आणि हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतोय की काळजी करू नका, दोन वर्षांत सगळं परत येणार. लोकांना काय, हेच ऐकायचं होतं. यिर्मया मानेवर लाकडी जू घालून फिरत होता, गुलामी अजून संपलेली नाही हे दाखवायला, तर हनन्याने ते जू काढून मोडून टाकलं. मग २९ व्या अध्यायात यिर्मया बाबेलातल्या त्या कैद्यांना पत्र पाठवतो आणि त्यात सांगतो की बाबांनो, तिथेच घरं बांधा, बागा लावा, पोराबाळांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण परत यायला सत्तर वर्षं लागणार आहेत. सत्तर! म्हणजे ज्या मोठ्या माणसांनी ते पत्र ऐकलं त्यातली बहुतेक जण तिथेच मेली असणार. आणि "हिताचे संकल्प" हे त्याच पत्रात, सत्तर वर्षांच्या लगेच पुढच्या ओळीत येतं.

गंमत बघा, आपण कॅलेंडरवर यिर्मयाचं वचन लावतो आणि त्याचा अर्थ मात्र हनन्याचा काढतो. लवकर होणार, सगळं परत मिळणार, हे हनन्याचं म्हणणं होतं, आणि यिर्मयाने त्याला तोंडावर सांगितलं की तू या लोकांना खोट्यावर विसंबायला लावतोयस. हे कळायला हिब्रू यावं लागत नाही, दोन अध्याय सलग वाचले की कळतं, वीस मिनिटांचं काम. आणि मला विचाराल तर ते वचन असं वाचल्यावर जास्त आधार देतं, कारण ज्याचं काम लवकर होणारच नाहीये त्यालाही ते काहीतरी सांगतं.

दुसरं मलाखी ३:१०. हे तर सगळ्यांना पाठ असतं, सगळा दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा आणि मी आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही बघा. यूट्यूबवरचे काही प्रचारक हे वचन सांगतात आणि खाली स्क्रीनवर क्यूआर कोड येतो. द्यायला माझा अजिबात विरोध नाही, मंडळी चालवायला पैसे लागतातच, पाळकांनाही घर आहे. पण त्याच अध्यायात पाच वचनं वर जा, ३:५, तिथे देव म्हणतो की जे मजुराची मजुरी बुडवतात, विधवांना आणि अनाथांना छळतात, परक्याचा हक्क मारतात त्यांच्याविरुद्ध मी स्वतः साक्ष द्यायला उभा राहीन. या वचनाचं स्टिकर मी अजून कुठल्या गाडीवर पाहिलेलं नाही. मग दशांश म्हणजे मुळात काय होतं ते बघायला बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा १४ वा अध्याय वाचा, तिथे लिहिलंय की लांब राहत असाल तर दशांश विकून पैसे घेऊन देव निवडेल त्या ठिकाणी जा, तिथे तुम्हाला जे आवडेल ते घ्या, आणि घरच्यांसोबत देवासमोर बसून खा, आनंद करा, लेव्याला, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातल्या माणसाला, विसरू नका, आणि दर तिसऱ्या वर्षी तो दशांश गावातच ठेवा, लेवी, परके, अनाथ आणि विधवा पोटभर खातील म्हणून. एवढं वाचलेल्या माणसाला कोणी खिडक्यांचं आमिष दाखवून भुलवू शकत नाही, तो द्यायचं तेवढं देतोच, पण कळून देतो.

आता तुमची भीती, चुकीचा अर्थ लागेल ही. ती खरी आहे, आणि बायबलमध्येच तिचं उत्तर आहे. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये कूश देशाचा एक अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय, फिलिप्प नावाचा प्रचारक त्याला विचारतो, वाचताय ते समजतंय का? तो म्हणतो, कोणी समजावल्याशिवाय कसं समजणार. लोक हे वचन दाखवून म्हणतात, बघा, शिकवणारा लागतोच. अहो लागतोच, पण तो माणूस आधी वाचत होता! वाचत होता म्हणून त्याच्याकडे प्रश्न होता, की संदेष्टा हे स्वतःबद्दल बोलतोय का दुसऱ्या कोणाबद्दल, आणि फिलिप्पने तिथूनच सुरुवात केली. न वाचता उपदेश ऐकणाऱ्याला असा प्रश्नच पडत नाही, तो फक्त मान डोलावतो. आणि पुढे १७:११ मध्ये बिरुयातल्या लोकांचं कौतुक केलंय, ते पौलाचं बोलणं उत्सुकतेने ऐकायचे आणि मग हे असंच आहे का म्हणून रोज शास्त्र तपासायचे. पौलाला तपासलं, तिथे आपल्या पाळकांना काय राग येणार.

आपल्याकडचंच नाव घ्यायचं तर पंडिता रमाबाई. ज्या काळात बाईने संस्कृत शिकणं हाच गुन्हा समजायचे तेव्हा आईवडिलांनी त्यांना शिकवलं, १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तिथल्या सिस्टर लोकांना वाटलं की आता ही चर्च सांगेल ते निमूट मान्य करेल. कसलं काय! त्यांनी पत्रांतून वाद घातले, आत्ताच एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने काढलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं स्पष्ट लिहिलं. आणि नुसत्या भांडत बसल्या नाहीत, पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, तेही खेड्यातल्या साध्या बाईला कळावं अशा भाषेत, छापखान्यात टाइप जुळवायला तिथल्याच बायका आणि मुली. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ते बायबल १९२४ ला बाहेर आलं. पाळकांनी सांगितलेलं पुरे असं त्यांना वाटलं असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर कृपा करून उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सलग असा संकल्प १ जानेवारीला करू नका, उत्पत्ती, निर्गम मजेत जातं आणि फेब्रुवारीत लेवीयमध्ये माणूस अडकतो. मार्कच्या शुभवर्तमानापासून घ्या, १६ अध्याय आहेत, एका संध्याकाळी होतात. मग फिलिप्पैकरांस पत्र, चारच अध्याय, पण एका बैठकीत वाचा, पत्र आहे ते, पत्र कोणी रोज चार ओळी वाचतं का? पौलाने ते तुरुंगातून लिहिलंय हे लक्षात ठेवून वाचलंत की ४:१३, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या जोरावर मी सगळं करू शकतो, ज्याचे जिमवाले पोस्टर करतात, ते वेगळंच दिसायला लागेल, त्याच्या आधीच्या वचनात तो उपाशी राहण्याबद्दल बोलतोय. जुनी मराठी जड वाटत असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल बघा, मी प्रोटेस्टंट असून मला त्याची भाषा आवडते. त्यात काही पुस्तकं जास्त आहेत, कॅथलिक बायबलमध्ये ७३ असतात आणि आपल्यात ६६, तर दचकू नका.

एक वही ठेवा, जे कळलं नाही ते त्यात लिहा, आणि महिन्याभराने ती घेऊन पाळकसाहेबांकडे चहाला जा. आमच्याकडे तर अशी दोन-चार माणसं वही घेऊन यायला लागल्यापासून बुधवारच्या बायबल अभ्यासाला पाळकसाहेब स्वतःच आता तयारी करून येतात.